भवानीचं गिऱ्हाईक

आमच्या सरांना रस्त्यात कुणाला पत्ता विचारायचा झाला, तरी ते आधी त्याच्याकडून काहीतरी विकत घेत. समोरचा माणूस विकणारा नसला, तर विकणारा भेटेपर्यंत ते पत्ता न विचारताच पुढे जात, आणि त्यामुळे आम्ही पुष्कळदा भलत्याच गावाला पोचलेलो आहोत. एकदा इंद्रवेल्लीच्या अलीकडे एका फाट्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढं कळावं म्हणून त्यांनी एका म्हातारीकडून चिंचेचा गोळा घेतला. म्हातारीने उजवा रस्ता दाखवला. बरोबर रस्ता डावा होता. परत येताना सर पुन्हा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि आणखी एक गोळा घेतला, कारण आता त्यांना दुसरा प्रश्न विचारायचा होता. तिने चुकीचा रस्ता का सांगितला, हा तो प्रश्न. म्हातारी म्हणाली, त्या रस्त्यावर माझ्या लेकीचं घर आहे, मला तोच आवडतो. सरांना हे उत्तर इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस ते वर्गात सांगत होते.

विद्यापीठात ते आम्हाला वाणिज्य शिकवत. शेवटच्या वर्षाला एक विषय असा होता, की अर्धं सत्र एखाद्या अडचणीतल्या गावात जात राहायचं आणि तिथल्या लोकांची मिळकत टिकाऊपणे वाढेल असं काहीतरी त्यांच्याबरोबर उभं करायचं. इतर प्राध्यापकांची मुलं प्रश्नावल्या घेऊन जात, झाडाखाली सभा घेत, फोटो काढत आणि परत येत. आमच्या सरांचा नियम निराळा. ज्याच्याकडून काही घेतलं नाही, त्याला काही विचारायचं नाही.

"गावात पाहुणे म्हून जाऊ नका, गिऱ्हाईक म्हून जा," ते म्हणत. "पाहुण्याले लोक गोड सांगतेत. गिऱ्हाइकाले खरं सांगा लागते."

ते मूळचे तेलुगू मुलखातल्या वांकिडीकडचे, मराठी शेतकऱ्याच्या घरचे. शिक्षण तेलुगूत झालेलं, आणि गुरुजी जुन्या उर्दू वळणाचे. त्यामुळे हिशेब ते तेलुगूत करत, रागावत उर्दूत आणि माया आली की वांकिडीच्या बोलीत येत. वर्गात त्यांची भाषा बदलली की आम्ही सावध होत असू. मी आदिलाबादची. आमचं घराणं तिथे तीन पिढ्यांचं, आजोबा महसूल कचेरीत पेशकार, वडील नोकरदार, आई शिक्षिका. भाव करणं आमच्याकडे हलकं समजलं जाई. भाजीवाली सांगेल ते द्यायचं आणि मग घरी येऊन तिच्या नावाने बोटं मोडायची, ही आमची रीत. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे खरोखर कीव केल्यासारखं पाहिलं. भाव न करता घेणं म्हणजे समोरच्याला दान देणं, आणि धडधाकट माणसाला दान देणं हा त्याचा अपमान, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः वांग्यासाठी इतका वेळ घासाघीस करत की वांगी सुकतील की काय अशी भीती वाटे.

या नियमामुळे आमच्या खोल्यांची काय कळा झाली ते विचारू नका. मी पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याला गावच्या विहिरींबद्दल विचारायला गेले, तर तो फक्त बैलाची दावी वळून विकत होता. मी दावं घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक शंका आली, म्हणून आणखी एक. माझा वर्गमित्र नरेश करीमनगरचा, त्याला मराठीचा गंध नव्हता, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे. सत्र संपेपर्यंत त्याच्यापाशी एवढ्या केरसुण्या जमल्या होत्या की वसतिगृहाच्या पहारेकऱ्याने त्याला ठोक भाव विचारला. सरांच्या घरी तर पाय ठेवायला जागा नसे. सुपं, टोपल्या, मडकी, घोंगड्या. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शांत बाई होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी झाडू इतके झाले, का आता केरच पुरत नाई."

सरांच्या हेल्मेटची गोष्ट आदिलाबादेत अजून सांगतात. सर मोपेडवर फिरत आणि हेल्मेट नेहमी हँडलला अडकवलेलं, कारण ते त्यांच्या दृष्टीने पिशवीच होतं. एकदा चौकात पोलिसाने अडवून हेल्मेट डोक्यावर का नाही म्हणून विचारलं. सरांनी ते त्याच्यापुढे धरलं. आत अंडी होती. "आधी ह्याईले सांभाळा लागते," ते म्हणाले, "माझं डोस्कं काय, जुनंच हाय." दंड भरून झाल्यावर त्यांनी त्या पोलिसाला अंड्यांचा भाव काय चालू आहे ते सांगितलं, फुकट.

आम्हाला मिळालेलं गाव गुडीहत्नूरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत होतं. सावरगाव म्हणू या. गावात मराठी माळ्यांची घरं, थोडी तेलुगू घरं, आणि आजूबाजूला गोंडांचे गुडे, म्हणजे वस्त्या. पूर्वी तिथे दर गुरुवारी बाजार भरत असे. गुड्यांवरची माणसं येत, भाजी, मीठमिरची, बांगड्या घेऊन जात. करोनाच्या वर्षी बाजार बंद झाला तो झालाच. फिरत्या व्यापाऱ्यांनी गुरुवारसाठी दुसरी गावं धरली. पंचायतीने बांधलेले सिमेंटचे ओटे रिकामे पडले आणि त्यावर बकऱ्या बसू लागल्या. भाजीवाल्यांना माल पहाटेच्या ऑटोने आदिलाबादला न्यावा लागे. तिथे दलाल जो भाव म्हणेल तो घ्यायचा, नाहीतर भाजी तिथेच टाकून यायची.

वेणूबाई त्यांतलीच. चाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. तिची विहिरीखालची वांग्या-मेथीची वाडी होती, जेमतेम, पण इतकी नेटकी की बघत राहावं. नवरा हैद्राबादला एका इमारतीचा राखणदार झाला होता आणि जिन्याखालच्या खोलीत राहत होता. तो तिला सारखा बोलवत होता. वाडी कापसासाठी मक्त्याने द्यायची आणि संक्रांतीला तिने तिकडे जायचं, असं घरात ठरत आलं होतं. पहिल्या दिवशी मी तिच्याकडून मेथीची जुडी घेतली आणि नियमाप्रमाणे प्रश्न विचारला, तुला जायचं आहे का. तिने माझ्याकडे न बघता विहिरीकडे हात केला.

"थ्या विहिरीले मी पाह्यल्याशिवाय मले झोप येत नाई," ती म्हणाली. "जिन्याखाली काय पाहू?"

मी ते सरांना सांगितलं. त्यांनी दुसरे सगळे प्रस्ताव बाजूला ठेवले. आम्ही मुलांनी लोणच्याचा कारखाना, वेबसाइट, गांडूळखत असं बरंच काही सुचवलं होतं. सर म्हणाले, संक्रांतीच्या आत या गावचा गुरुवार परत उभा करायचा, बस.

दिवाळी झाली आणि आम्ही कामाला लागलो. ओटे धुतले, गुड्यांवर जाऊन तेलुगूत आणि मोडक्या गोंडीत सांगून आलो, डप्पू वाजवून दवंडी दिली. सरांनी स्वतः जाऊन एकेक व्यापारी पटवला. मसालेवाले काका, कांदे-बटाटेवाला, बांगडीवाला, खारी मासळी विकणारी बाई, असे सगळे मिळून ओळभर लोक पहिल्या गुरुवारी यायला तयार झाले. आम्ही आनंदात होतो. आणि त्या आनंदातच आम्ही जो घोटाळा केला तो जगात फक्त वाणिज्य शाखेची मुलंच करू शकतील.

आधी थोडं सांगायला हवं. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे भवानी म्हणतात, तेलुगू लोक बोणी म्हणतात. भवानीचं गिऱ्हाईक रोख पैसे देतं, विकणारा ती नोट कपाळाला लावतो, आणि मग दिवस सुरू होतो. भवानीचं गिऱ्हाईक नुसता भाव विचारून रिकाम्या हाताने गेलं, तर तो दिवस नासला असं धरतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आईसुद्धा सकाळी सकाळी दुकानात शिरली की काहीतरी घेऊनच बाहेर पडते. पण विद्यापीठाला त्या बाजाराचा भावफलक हवा होता, आणि सरांची अशी समजूत होती की भाव विचारणं हा प्रश्न नव्हेच, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्याला घेतल्याशिवाय न विचारण्याचा नियम लागू नाही. तेव्हा बाजार लागल्या लागल्या आम्ही सगळे विद्यार्थी ओळीने निघालो. प्रत्येकाने प्रत्येक ओट्यापुढे थांबायचं, भाव विचारायचा, सरांनी शिकवल्याप्रमाणे खालपर्यंत ओढायचा, लिहून घ्यायचा, आणि तुलना करायला पुढच्या ओट्याकडे जायचं. खरेदी सगळी शेवटी.

मी मसालेवाल्या काकांकडे धण्याचा भाव पार खाली आणला आणि "येते हं" म्हणून पुढे सरकले. माझ्या मागे नरेश होता, त्याने तेच केलं. त्याच्या मागे आणखी कुणी. काकांनी विझलेली उदबत्ती परत लावली. मग तराजूवर पाणी शिंपडलं. मग आमच्यातली आणखी एक मुलगी येऊन हळदीचा भाव पाडून गेली, तेव्हा त्यांनी पोत्याची तोंडं बांधायला सुरुवात केली. एकाने आवरलं की दुसरा आवरतो. बांगडीवाल्याने पेटी बंद केली, कांदेवाल्याने टेम्पो बोलावला. आम्ही भावफलक पूर्ण करून खरेदीला वळलो तेव्हा ओटे निम्मे रिकामे होते. गुड्यांवरच्या बाया उन्हं चढल्यावर लेकरं कडेवर घेऊन चालत आल्या, तर तिथे आमचा मांडव, आमचं बॅनर, आणि बाजार नाही.

वेणूबाई शेवटपर्यंत बसून होती. सर तिच्यापाशी गेले. ती म्हणाली, "सर, गिऱ्हाईक आलं, पाहून गेलं. दुसरं आलं, पाहून गेलं. आज भवानीच झाली नाई. कोनाले दोष देऊ?" आणि तिने टोपली डोक्यावर घेतली.

सर रिकाम्या ओट्यावर बसले. आम्हाला वाटलं आता उर्दू सुरू होणार. पण ते आपल्या बोलीत, हळू बोलले. "पोट्टेहो, आज आपुन साऱ्याईनं मिळून एक बाजार मारला. तुमचं काई नाई चुकलं. मायाच नियमाले मी पळवाट ठेवली." मला त्यांचं फार वाईट वाटलं.

त्या गावचा पाय चांगला नाही, असं व्यापाऱ्यांत झालं. पुढच्या गुरुवारी कुणी येईना. सरांनी कुणाची मनधरणी केली नाही. त्यांनी फक्त चौकशी केली, की कोणता व्यापारी कोणत्या वारी कुठल्या गावी बसतो. मग थंडीच्या दिवसांत, आदिलाबादच्या त्या हाडं गोठवणाऱ्या सकाळी, त्यांनी आम्हाला पहिल्या बसने गावोगाव पाठवायला सुरुवात केली. काम एकच. आपल्या माणसाने पोतं सोडलं की त्याचं पहिलं गिऱ्हाईक व्हायचं. भाव करायचा नाही, तो सांगेल तो द्यायचा, हसून घ्यायचं आणि यायचं. मला मसालेवाले काका मिळाले. त्या हिवाळ्यात मी एवढे धणे घेतले की आमच्या मेसच्या चहालाही त्यांचा वास येऊ लागला.

आम्हाला सोपं होतं. सरांची मात्र परीक्षा होती. भाव न करता घ्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. कांदेवाला भाव सांगे आणि सर डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरून ओठ मिटून उभे राहत. एकदा मी बरोबर होते. कांदे तोलून होईपर्यंत त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला होता. परतताना मोपेडवर मागे बसलेल्या मला ते म्हणाले, "त्यानं मले लुटलं गं." आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लुटून घ्यायला गेले. काकूंनी तर कांद्याची भजी, कांद्याचं पिठलं, कांद्याची कोशिंबीर करून झाल्यावर शेजाऱ्यांची दारं ठोठावायला सुरुवात केली.

मग एका दिवशी असं झालं, की सरांनी भवानी केल्यावर कांदेवाल्याचा टेम्पो दुपारच्या आतच रिकामा झाला. निव्वळ योगायोग. सर स्वतः तसंच म्हणाले. पण बाजारात योगायोगाला फार दिवस योगायोग म्हणत नाहीत. मास्तरचा हात चांगला, अशी बोली सगळीकडे झाली. बांगडीवाला म्हणाला, माझीही भवानी सरांनीच करावी. मासळीवाली बाई म्हणाली, मग माझी का नाही. सर मासळीला शिवत नसत, पण खारी मासळी घेऊन हेल्मेटात घालून आले. शेवटी व्यापारी आपणच म्हणाले, मास्तर भवानी करणार असतील तर आम्ही सावरगावचा गुरुवार धरतो.

आणि बाजार उभा राहिला. सर सकाळी येत, आधी वेणूबाईकडे मेथी घेत, मग ओळीने एकेक ओटा करत जात. प्रत्येकजण नोट कपाळाला लावी. मग गुड्यांवरची माणसं पुढे होत. दोनतीन गुरुवार असे गेले आणि आम्ही अहवालाची भाषा मनात जुळवू लागलो. वेणूबाईने मला सांगितलं की नवऱ्याला अजून थांब म्हणून कळवलं आहे. तो संक्रांतीला येणार होता, बघून ठरवू म्हणाला होता.

एका गुरुवारी सरांना ताप होता, त्यांना यायला उशीर झाला. आम्ही ओट्यांपाशीच होतो. माल लागलेला, गिऱ्हाइकं समोर उभी, आणि विक्री बंद. सर येऊ द्या, मग देतो. काही बाया कंटाळून परत गेल्या. सर आले, भवानी झाली, सगळे हसले. एकटे सर हसले नाहीत. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाजार उभा नाई राह्यला, बाई. माया हातावर टांगला हाय. हात खाली केला का पडते."

पुढच्या गुरुवारपासून आपल्यापैकी कुणीही सकाळी बाजारात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला. पुढचा गुरुवार संक्रांतीच्या तोंडावर होता. वेणूबाईचा नवरा आला होता. मी सरांशी भांडले, अगदी आवाज चढवून भांडले. मी म्हणाले, निदान हा एक गुरुवार जाऊ द्या, तिचं एकदा ठरू द्या, मग करा तुमचे प्रयोग. हे तुमचं तत्त्व आहे, तिचं घर आहे.

"मंग कवा करू?" सर म्हणाले. "मी रिटायर झाल्यावर? तवा बाजार पडला तर वाडी मक्त्यानं द्यासाठी तिच्याजवळ वेळ बी नसन. आता पडला तर निदान आपुन हाओत."

मला ते निष्ठुर वाटले.

गुरुवारी ते फाट्यावरच्या चहाच्या टपरीत जाऊन बसले, बाजाराकडे पाठ करून. मला समोर बसवलं, कारण तिथून दोन घरांच्या मधून ओट्यांची कड दिसत होती. तू पाहा आणि मला सांग, म्हणाले. मी सांगत होते. टेम्पो आला. पोती सुटली. वेणूबाईने मेथी मांडली, तिचा नवरा मागे ओट्याला टेकून उभा आहे. माणसं जमली. कुणी काही घेत नाही. सगळे फाट्याकडे बघताहेत. सर चहा मागवत आणि तसाच ठेवत. कांदेवाला उठून उभा राहिला असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी रिकामी पिशवी हातात इतकी पिळली की तिचा बंद तुटला. मला वाटलं ते आता उठतील. मनातून मी देवाला सांगत होते की उठू देत.

मग गुड्यावरची एक म्हातारी गोंड बाई गर्दीतून पुढे झाली. तिने वेणूबाईच्या पुढ्यातली वांगी पदरात घ्यायला सुरुवात केली. दोघींचं काहीतरी बोलणं झालं. ते काय झालं हे वेणूबाईने मला संध्याकाळी सांगितलं. तिने म्हातारीला म्हटलं होतं, मावशे, थांब, सर येऊ दे. म्हातारीचा ऑटो निघत होता. तिने पदराच्या गाठीतली नोट काढून वेणूबाईच्या हातावर ठेवली आणि आपल्या तोडक्या मराठीत म्हणाली, "माया पैशाले काय झालं?"

"अन् मले बी वाटलं," वेणूबाई म्हणाली. "खरंच, तिच्या पैशाले काय झालं होतं?"

तिने ती नोट कपाळाला लावली. मला टपरीतून फक्त तेवढं दिसलं, तिचा हात कपाळाकडे गेलेला. त्यानंतर मसालेवाल्या काकांनी पोत्यात माप घातलं. मी सरांना सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. ते घाबरले, त्यांना वाटलं मोडला बाजार. मी मान हलवून नाही नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांनी स्वतःच वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टपरीवाल्याला हाक मारली, न प्यालेल्या चहांचे पैसे किती म्हणून विचारलं, आणि त्याच्याशी असं काही घासाघीस करायला लागले की कित्येक आठवड्यांचं तुंबलेलं सगळं त्या बिचाऱ्यावर निघालं. बाजारात ते गेले नाहीत. मिळाली ती बस धरून आदिलाबादला निघून गेले.

वेणूबाईचा नवरा संक्रांत करून एकटा परत गेला. पुढे काही काळाने तोही जिन्याखालची खोली सोडून आला, आता वाडीला पाणी देतो. सर त्यानंतर सावरगावला नेमाने जात राहिले, पण दिवस मावळताना, बाजार उठायच्या वेळी. उरलंसुरलं असेल त्याचा भाव पाडून पाडून घेत. व्यापाऱ्यांत हळूहळू नवी माणसं आली. त्यांना हे फक्त एक चिकट म्हातारं गिऱ्हाईक म्हणून ठाऊक होतं, आणि त्यांना येताना पाहून ती एकमेकांना डोळे मिचकावीत. मला राग येई. सर म्हणत, बरं आहे, माझा हात लोक विसरले.

मी आज ज्या कचेरीत आहे तिथे बायांच्या गटांचं काम माझ्याकडे असतं. तुमच्याशिवाय आमचं काही होणार नाही, असं कुणीतरी रोज म्हणतं, आणि ते ऐकायला फार गोड लागतं. ते गोड लागू लागलं की मला टपरीत बाजाराकडे फिरवलेली सरांची ती पाठ आठवते. आयुष्यात मला पुष्कळांनी शिकवलं, पण जिथे आपल्यामुळे अडतं तिथून बाजूला कसं व्हायचं, आणि ते करताना किती जड जातं, हे मला एकट्या सरांनी दाखवलं. मी त्यांची ऋणी आहे. हे त्यांना सांगायची सोय नाही, ते लगेच भाव करतील.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना गुरुवारी सावरगावला माझ्या गाडीतून नेते म्हणाले, तर ते बसनेच जाऊ म्हणाले. आता ते निवृत्त झाले आहेत, पाय ओढत चालतात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. कांदेवाला टेम्पो झाडत होता. सर ओळीच्या कडेने वेणूबाईपाशी गेले आणि उकिडवे बसले. तिच्यापुढे नुसतं पोतं अंथरलेलं होतं.

"संपलं, सर," ती म्हणाली.

"काईच नाई?"

"काईच नाई. दुपारीच खपलं."

सरांनी पोत्याचं एक टोक उचलून खाली पाहिलं. मग पुढच्या ओट्यावर गेले, तिथेही काही नव्हतं. नवी मिरचीवाली बाई तर निघाली होती. तिने त्यांना आता नाही बाबा, पुढच्या गुरुवारी लवकर या, असं चांगलंच सुनावलं. सर मान डोलवत परत आले. वेणूबाईला हात जोडून येतो म्हणाले. माझ्या हाताचा आधार घेत ते फाट्यापर्यंत चालले.

बसमध्ये आम्हाला वेगवेगळ्या जागा मिळाल्या. सरांच्या शेजारी कुणी अनोळखी तरुण बसला होता, कानात गाणी लावून. सरांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला कानातलं काढायला लावलं. गुडीहत्नूर येईपर्यंत ते त्याला पुन्हा पुन्हा, अतिशय आनंदाने, सांगत होते की आज पुरा बाजार फिरलो, पण मला कोणी काही विकलं नाही.